काणकोणाएवढा देश: ग्रेनेडाचा भूगोल प्रकल्प कसा करावा

कॅरिबियन समुद्रातल्या बेटदेशावर प्रकल्प करायचा म्हटला की वहीत ठरलेले मथळे उतरतात: स्थान, हवामान, अर्थव्यवस्था, शासन. प्रत्येकाखाली दहा ओळी, वर झेंडा, शेवटी समुद्रकिनाऱ्याचा रंगीत फोटो. वही जाडजूड होते, पण तोंडी परीक्षेत पहिल्याच ‘का?’ला उत्तर सुचत नाही. दोष मुलांचा नाही. छोट्या देशात हे चार विषय चार कप्प्यांत राहत नाहीत. तिथे एक वादळ डोंगर उतरवते, बाग झोपवते, तिजोरी रिकामी करते आणि सरकारला सावकाराच्या दारात नेते. म्हणून प्रकल्पाची मांडणीही तशीच हवी.

इथे उदाहरण घेतले आहे ग्रेनेडाचे. गोव्यातल्या विद्यार्थ्याला तो सोपा जातो, कारण त्या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे आणि जायफळाचे झाड फोंडा, सांगे, काणकोणातल्या कुळागरांत, माड-पोफळीच्या सावलीत पाहायला मिळते. अकरावी-बारावीच्या मुलांना हा प्रकल्प तीन आठवड्यांत आरामात होतो. नववी-दहावीला द्यायचा तर उठावाची, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारी, प्रतिकृती वगळा.

आधी नाव नीट लिहा

स्पेनमधले शहर ते ग्रॅनाडा. आपला देश ग्रेनेडा, मधले अक्षर लांबवून ‘ग्रेनेऽडा’. त्याच्या उत्तरेला ‘सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडीन्स’ नावाचा वेगळाच देश आहे. इंटरनेटवर शोधताना या तिघांची सरमिसळ होते आणि अल्हांब्रा राजवाड्याचा फोटो कॅरिबियन प्रकल्पात चिकटवला जातो. गंमत वाटेल, पण सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

नंतर पहिल्या पानावर फक्त पाच आकडे लिहा आणि प्रत्येकाशेजारी गोव्यातले माप ठेवा. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ काणकोण तालुका. (काणकोण ३५२. अख्खा गोवा ३,७०२, त्यात असे दहा देश बसतील.) लोकसंख्या सुमारे सव्वा लाख, तर २०११ च्या जनगणनेत गोव्याची १४ लाख ५८ हजार होती. सर्वांत उंच जागा माउंट सेंट कॅथरिन, ८४० मीटर. राजधानी सेंट जॉर्जेस, १२ अंश ३ मिनिटे उत्तर, ६१ अंश ४५ मिनिटे पश्चिम. घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे: मडगावात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिथे सकाळचे नऊ.

लोकसंख्येबाबत सावध राहा. वेगवेगळ्या संस्था एक लाख दहा हजारांपासून एक लाख सव्वीस हजारांपर्यंत आकडे देतात. त्यातला कुठलाही घ्या, पण एकच घ्या, त्याचे वर्ष लिहा आणि पुढची सगळी गणिते त्यावरच करा. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा आकडा आला की दरडोई काढलेले सारे आकडे लटपटतात.

नकाशा: अख्ख्या चार्ट पेपरवर, १ सेंटिमीटर = १ किलोमीटर

छापील नकाशा झेरॉक्सवर मोठा करून चिकटवू नका. हाताने काढा. हा देश इतका छोटा आहे की १ : १,००,००० या प्रमाणात तो नेहमीच्या ७१ × ५६ सेंटिमीटरच्या चार्ट पेपरवर सगळाच्या सगळा मावतो. भारताच्या बाबतीत ही चैन कधी मिळणार नाही.

कागद उभा धरा. १२ अंश अक्षांशाजवळ अक्षवृत्ताचे १ मिनिट १.८४ किलोमीटर भरते आणि रेखावृत्ताचे १ मिनिट १.८१ किलोमीटर, म्हणजे कागदावर तेवढेच सेंटिमीटर. खालची कड ११ अंश ५७ मिनिटे आणि वरची १२ अंश ३३ मिनिटे धरली की उंची होते ६६ सेंटिमीटर. डावी कड ६१ अंश ४९ मिनिटे आणि उजवी ६१ अंश २१ मिनिटे धरली की रुंदी होते ५१ सेंटिमीटर. चारी बाजूंना दोन-अडीच सेंटिमीटर समास उरतो. आता दर ५ मिनिटांना पेन्सिलीची फिकट रेघ: आडव्या रेघांत ९.२ सेंटिमीटर अंतर, उभ्या रेघांत ९.१.

इथे दोन ठिकाणी घसरायला होते. एक, पश्चिम रेखांश असल्यामुळे आकडे डावीकडे वाढतात. गोव्याचे नकाशे काढून हात पूर्व रेखांशाला बसलेला असतो. उजवीकडे ६१-४९ लिहिले तर बेट आरशात पाहिल्यासारखे उलटे येते. दुसरे, अंश-मिनिटे आणि दशांश अंश यांची गल्लत. मोबाइलच्या नकाशावर १२.१५ दिसले तर ते १२ अंश १५ मिनिटे नव्हे, १२ अंश ९ मिनिटे. दशांश भागाला ६० ने गुणायचे. ही चूक झाली की डोंगर समुद्रात जातो.

आधी ठिपके मांडा, किनारा नंतर. सेंट जॉर्जेस वर दिले आहे. पूर्व किनाऱ्यावर ग्रेनव्हिल १२-०७, ६१-३७. पश्चिमेला ग्वाव १२-१०, ६१-४४. उत्तर टोकाला सोटेर १२-१३, ६१-३८. मधोमध ग्रँड एटँग तळे १२-०६, ६१-४२. बरेच वर, उजवीकडे याच देशातल्या कारियाकू बेटावरचे हिल्सबरो १२-२९, ६१-२७. या सहा ठिपक्यांना धरून किनारा उतरवला की आकार बिघडत नाही. मुख्य बेट ईशान्य-नैऋत्य तिरपे आहे. लांबी ३४ किलोमीटर म्हणतात ती या तिरप्या रेषेवर. उभी पट्टी लावून ती २८ भरली तर नकाशा चुकला असे समजून खोडत बसू नका.

मुख्य बेट आणि कारियाकू यांच्यामध्ये सुमारे २५ किलोमीटर पाणी उरते. ही मोकळी जागा वाया नाही. सोटेरच्या उत्तरेला ८ सेंटिमीटरवर लाल त्रिकोण काढा: ‘किक एम जेनी’, समुद्राच्या पोटातला जिवंत ज्वालामुखी. त्याचा उद्रेक पहिल्यांदा १९३९ मध्ये नोंदला गेला. माथा पाण्याखाली दीडशे मीटरहून खोल आहे, तरी त्याच्या वरून जहाजांनी जाऊ नये म्हणून बंदीचे वर्तुळ आखलेले असते. ग्रँड एटँग तळे आणि ईशान्येचे लेक अँटोन ही दोन्ही जुन्या ज्वालामुखींची विवरे. तेव्हा ‘बेट कसे तयार झाले’ या प्रश्नाचे उत्तर नकाशावरच मिळते.

नावे वाचायला शिका. या बेटावर १६४९ पासून फ्रेंच होते. १७६३ मध्ये ते इंग्रजांकडे गेले, १७७९ ते १७८३ पुन्हा फ्रेंचांकडे, मग इंग्रजांकडेच राहिले. लोक इंग्रजी बोलतात, पण नकाशा फ्रेंच आहे. ग्रँड एटँग म्हणजे मोठे तळे. ग्रँड आन्स म्हणजे मोठा उपसागर. तिथली वाळूची पट्टी सुमारे तीन किलोमीटरची. ग्वाव हे पेरूचे फ्रेंच नाव. सोटेर म्हणजे उडी घेणारे. १६५१ मध्ये फ्रेंचांनी पाठलाग केलेल्या कॅरिब लोकांनी तिथल्या कड्यावरून समुद्रात उड्या घेतल्या, त्याची खूण त्या नावात राहिली. गोव्यात फोंताइन्हास किंवा दोना पावला ही नावे जशी मागच्या राजवटीचा पत्ता देतात, तसेच हे.

उठावाची प्रतिकृती

हवी तर करा, पण प्रमाण आधी ठरवा. १ : १,००,००० वर ८४० मीटरचा डोंगर जेमतेम साडेआठ मिलिमीटर उंच होतो आणि बेट पोळीसारखे दिसते. म्हणून उंची पाचपट वाढवायची: १ सेंटिमीटर = २०० मीटर. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ५ मिलिमीटरचा सनबोर्ड घेतला की एक थर म्हणजे बरोबर १०० मीटर. आठ थर आणि वर २ मिलिमीटरची टोपी, झाले ८४०.

सर्वांत खालचा थर किनाऱ्याच्या रेषेवर कापायचा, दुसरा १०० मीटरच्या समोच्च रेषेवर, आठवा ७०० च्या रेषेवर. पुष्कळजण पहिलाच थर १०० च्या रेषेवर कापतात आणि मग सगळी किनारपट्टी, तिच्यावरची गावे आणि विमानतळ गायब होतो. चिकटवायला फेव्हिकॉल चालतो. रबर सोल्युशन किंवा थिनर असलेला गोंद सनबोर्डच्या फोमला खातो. पावसाळ्यात थर वाकतात, तेव्हा रात्रभर वर वजन ठेवा. कोपऱ्यात ‘उंची पाचपट वाढवली आहे’ ही ओळ हवीच, नाहीतर प्रतिकृती खोटी ठरते.

वारा कुठून येतो ते दाखवा

गोव्यात पाऊस नैऋत्येकडून येतो, सह्याद्रीला अडतो आणि घाटाच्या पलीकडे ओसरतो. ग्रेनेडात व्यापारी वारे ईशान्येकडून येतात. म्हणून तिथे उलटे: पूर्वेचे उतार आणि मधला डोंगर ओला, नैऋत्येचे टोक कोरडे. डोंगरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, नैऋत्य टोकाला त्याच्या निम्म्याहून कमी. जानेवारी ते मे कोरडे, जून ते डिसेंबर पावसाचे.

हा एकच बाण नकाशावर काढला की पुढच्या तीन गोष्टी आपोआप सांगता येतात. जायफळ आणि कोको मधल्या ओल्या भागात का. हॉटेले आणि विमानतळ नैऋत्येच्या कोरड्या, सपाट टोकाला का. आणि कारियाकू, जिथे वारा अडवायला उंच डोंगरच नाही, तिथे नदी नाही आणि घराघरात पावसाचे पाणी साठवायची टाकी का. कारियाकूचे लोक शेतीपेक्षा लाकडी होड्या बांधण्यात आणि दर्यावर्दीपणात नावाजले ते उगाच नव्हे.

जायफळाचा धागा

आता प्रकल्पाचा गाभा. अर्थव्यवस्थेचे पान ‘प्रमुख पिके: जायफळ, कोको, केळी’ असे सुरू करू नका. एक जायफळ हातात घ्या आणि ते कुठून कुठे जाते ते लिहा.

पिकलेले फळ झाडावरच तडकते. फटीतून काळपट तपकिरी कवच दिसते, त्यावर लालभडक जायपत्रीची जाळी. बाहेरची साल आपल्याकडे लोणच्याला जाते. ग्रेनेडात तिचा जॅम, जेली आणि सरबताचा पाक होतो. जायपत्री वेगळी वाळवतात, वेगळी विकतात. कवचासकट बी शेतकरी ग्वावसारख्या ठिकाणच्या केंद्रावर आणतो. तिथे ती लाकडी ट्रेवर, सावलीत, सहा ते आठ आठवडे वाळते, मधून मधून दाताळ्याने खालीवर करतात. थेट उन्हात टाकली तर आतली चरबी सुटते आणि बी तेलकट होते. वाळल्याची खूण सोपी: कानाशी धरून हलवली की कवचात खुळखुळते. मग कवच फोडतात आणि गर पाण्यात टाकतात. बुडला तो भरीव, मसाल्याला. तरंगला तो पोकळ किंवा किडका, तेल काढायला. फोडलेली कवचेही फेकत नाहीत, बागेच्या पायवाटांवर पसरतात.

हा प्रयोग वर्गात करता येतो. कवच काढलेली दहा-बारा जायफळे आणि एक बादली पाणी पुरे. बुडालेली आणि तरंगलेली मोजा, प्रत्येकी एक कापून आतला फरक दाखवा. झाल्यावर जायफळे लगेच पुसून पंख्याखाली दोन दिवस वाळवा. ओलसर ठेवली की बुरशी धरते आणि ती पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत.

हे सगळे करणारी संस्था शेतकऱ्यांची सहकारी आहे, १९४७ पासूनची ग्रेनेडा कोऑपरेटिव्ह नटमेग असोसिएशन. माल घालतेवेळी आगाऊ रक्कम आणि विक्रीनंतर वरची. आपल्याकडच्या सहकारी संस्थेत सुपारी घालणाऱ्या घरातल्या मुलाला हे समजवायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आता त्याच झाडाचे दुसरे गणित मांडा. बीपासून लावलेले जायफळ सात-आठ वर्षांनी धरते आणि भर यायला पंधरा-वीस वर्षे जातात. शिवाय झाड नर की मादी ते फूल येईपर्यंत कळत नाही, म्हणून आपल्याकडचे जाणते बागायतदार कलमच लावतात. ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ वादळ ग्रेनेडावर आले. १९५५ च्या ‘जॅनेट’नंतर इतके मोठे वादळ आलेच नव्हते, कारण बेट नेहमीच्या वादळवाटेच्या दक्षिणेला पडते. आयव्हनने दहातल्या नऊ घरांना इजा केली, देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या दुपटीएवढे नुकसान केले आणि बहुतेक जायफळाची झाडे आडवी केली. त्याआधी जायफळ निर्यातीत इंडोनेशियानंतर ग्रेनेडाचाच क्रमांक होता, जगाच्या बाजाराचा सुमारे पाचवा हिस्सा. दहा महिन्यांनी, जुलै २००५ मध्ये, ‘एमिली’ येऊन गेले.

पट्टीवर कालरेषा काढा: २००४ ला झाड पडले, २००५ ला रोप लावले, २०१२-१३ ला पहिले फळ, २०२० च्या पुढे भर. मग १ जुलै २०२४ ला ‘बेरिल’ कारियाकूवर आदळले. दोन वादळांमधले अंतर आणि झाडाचे वय शेजारी शेजारी ठेवले की शेतकरी कोकोकडे का वळला हे सांगावे लागत नाही. कोको तीन-चार वर्षांत धरतो, झाड बुटके असते, वाऱ्याला कमी लागते. १९९९ पासून तर बेटावरच चॉकलेट बनू लागले. बी परदेशी पाठवून तयार वडी विकत घेण्यापेक्षा ते बरेच बरे.

पैशाचे पान

इथे सर्वांत महागडी चूक डॉलरच्या चिन्हाची होते. ग्रेनेडाचे चलन पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून त्याचा भाव बांधलेला आहे: एका अमेरिकी डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर. तिथल्या सरकारी अर्थसंकल्पातले आकडे या स्थानिक डॉलरमध्ये असतात, आंतरराष्ट्रीय संस्थांचे बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये. दोन्हींवर चिन्ह तेच. न पाहता उतरवले की खर्च पावणेतीनपट फुगतो. सगळे आकडे एका चलनात आणा, भाव वर लिहा. ताळा घ्यायला एक मोठे माप लक्षात ठेवा: देशाचे वार्षिक उत्पन्न एक ते दीड अब्ज अमेरिकी डॉलरच्या दरम्यान आहे. तुमचा आकडा तीन-चार अब्ज आला तर भागायचे राहिले आहे.

मग एक आकृती: मधे बेट, आत येणारे बाण आणि बाहेर जाणारे बाण. आत येणारा पैसा प्रामुख्याने पर्यटकांचा. दुसरा मोठा बाण विद्यापीठाचा. सेंट जॉर्जेस विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात सुरू झाले. परदेशी मुले तिथे फी, भाडे, जेवण यांवर वर्षभर खर्च करतात आणि हा पैसा हंगाम संपला म्हणून थांबत नाही. तिसरा बाण परदेशी गेलेल्या नातेवाइकांच्या पैशांचा. मासळी, कोको, जायफळ यांचे बाण त्यामानाने बारीक. बाहेर जाणारे बाण जाड: धान्य, इंधन, यंत्रे, गाड्या, सिमेंट. वीजसुद्धा बहुतेक डिझेलवर, म्हणजे तीही आयातच.

घरात कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असेल आणि क्रूझवर कॅरिबियन फेऱ्या केल्या असतील तर त्यांना एवढेच विचारा: जहाज सेंट जॉर्जेसला सकाळी किती वाजता लागले आणि किती वाजता सुटले? क्रूझचा पाहुणा दिवसभराचा, जेवतो-झोपतो जहाजावर. हॉटेलातला पाहुणा आठवडाभर राहतो. म्हणून ‘पर्यटकांची संख्या’ हा एकच आकडा लिहू नका. दोन रकाने करा. कळंगुटच्या हॉटेलवाल्याला हा फरक शिकवावा लागत नाही.

चौथा बाण नाजूक आहे: गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व. ग्रेनेडाने ही योजना २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. २०२४ मध्ये त्या भागातल्या चार देशांनी मिळून किमान रक्कम दोन लाख अमेरिकी डॉलर ठरवली, म्हणजे एकमेकांचे भाव पाडायला नको. लिस्बनला जन्मनोंद करून पासपोर्ट काढण्याची चर्चा गोव्यातल्या घराघरांत होते, तेव्हा हा विषय मुलांना परका नाही. फरक मात्र लिहा: तिथे नाते आजोबा-पणजोबांच्या जन्माचे, इथे रकमेचे.

आता चलनाकडे परत या, कारण किल्ली तिथे आहे. नोटा ग्रेनेडा छापत नाही. आठ सभासदांची एक मध्यवर्ती बँक आहे, १९८३ मध्ये स्थापलेली, सेंट किट्सच्या बास्टेर शहरात. भाव बांधलेला, छापखाना हातात नाही. गोव्याच्याही हातात नाही, हे खरे. पण गोव्याच्या मागे केंद्र आहे, केंद्राच्या करांतला वाटा आहे, आपत्ती निधी आहे. ग्रेनेडाच्या मागे कोणीच नाही. वादळ आले की तीनच दारे उरतात: मदत, कर्ज, विमा.

आयव्हननंतर कर्ज वाढत गेले आणि २०१३ मध्ये देशाने हप्ते थांबवून सावकारांशी नव्याने बोलणी सुरू केली. २०१५ च्या नव्या कर्जरोख्यांत एक अट घातली गेली: ठरलेल्या ताकदीचे वादळ आले तर हप्ते काही काळ पुढे ढकलता येतील. बेरिलनंतर ग्रेनेडाने ही अट वापरली, जगात पहिल्यांदा. वहीत ‘कर्ज माफ झाले’ असे लिहू नका. माफ एक पैसाही होत नाही, फक्त तारीख सरकते. विम्याची बाजूही लिहा: कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये एकत्र येऊन आपत्ती विमा निधी उभारला. तो पडलेली घरे मोजत बसत नाही. वाऱ्याचा वेग, भूकंपाची तीव्रता यांसारख्या मापांवरून रक्कम ठरते, त्यामुळे पैसे काही दिवसांत हाती येतात. उणे एवढेच की माप थोडे कमी भरले तर नुकसान होऊनही हात रिकामे.

शासनाचे चित्र: दोन रंगांचे बाण

निळा बाण ‘कोण कोणाला नेमतो’ आणि लाल बाण ‘कोण कोणाला जबाबदार’. एकाच रंगात काढले की गव्हर्नर जनरल सर्वांच्या वर बसतो आणि राज्य तोच चालवतो असे वाटू लागते.

ग्रेनेडा ७ फेब्रुवारी १९७४ रोजी स्वतंत्र झाला, पण प्रजासत्ताक झाला नाही. राज्यप्रमुख राजे चार्ल्स, ब्रिटनचे म्हणून नव्हे तर ग्रेनेडाचे राजे म्हणून. त्यांच्या वतीने गव्हर्नर जनरल. २०१३ मध्ये या पदावर पहिल्यांदा स्त्री आली, डेम सेसिल ला ग्रेनेड. संसदेची दोन सभागृहे. खालच्यात १५ निवडलेले सभासद. वरच्यात, सिनेटमध्ये, १३ नेमलेले: १० पंतप्रधानांच्या सल्ल्याने, ३ विरोधी पक्षनेत्याच्या.

गोव्याशी तुलना करताना एक भागाकार करा. आपल्या विधानसभेत ४० जागा, म्हणजे २०११ च्या हिशेबाने जागेला ३६ हजार लोक. गोव्याचे मतदारसंघ देशात लहान म्हणून प्रसिद्ध. ग्रेनेडात जागेला साधारण आठ हजार. उमेदवार प्रत्येकाच्या पडवीत बसून जाऊ शकतो. आणि तरीही तिथे १९९९, २०१३ आणि २०१८ मध्ये एकाच पक्षाने, केथ मिचेल यांच्या न्यू नॅशनल पार्टीने, १५ पैकी १५ जागा घेतल्या. २०१८ मध्ये मते होती सुमारे ५९ टक्के. छोट्या देशात मते सगळीकडे सारखी पसरलेली असतात आणि ज्याला जास्त मते त्याला जागा, त्यामुळे ४१ टक्क्यांना शून्य मिळू शकते. पंधरा चौकोन काढून हे रंगवून दाखवा. जून २०२२ मध्ये चित्र पालटले: नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेसला ९ जागा आणि डिकन मिचेल पंतप्रधान. आडनाव एकच, माणसे दोन. वहीत इथे नेहमी गोंधळ होतो.

सहा पॅरिश आहेत: सेंट अँड्र्यू, सेंट डेव्हिड, सेंट जॉर्ज, सेंट जॉन, सेंट मार्क, सेंट पॅट्रिक. त्यांना तालुका म्हणा, पंचायत म्हणू नका. गावपातळीवर निवडून दिलेली संस्था तिथे नाही. सैन्यही नाही, पोलीसच. शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. ते बदलून कॅरिबियन न्यायालय आणायला २०१६ आणि २०१८ मध्ये जनमत घेतले. घटना बदलायला दोन-तृतीयांश मते लागतात आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटले.

इतिहासाला अर्धे पान पुरे, पण १९७९ ते १९८३ वगळू नका. १३ मार्च १९७९ ला मॉरिस बिशप यांच्या गटाने सत्ता घेतली आणि घटना स्थगित केली, मात्र गव्हर्नर जनरलला पदावर ठेवले. १९ ऑक्टोबर १९८३ ला त्यांच्याच सहकाऱ्यांच्या फुटीत बिशप मारले गेले. २५ ऑक्टोबरला अमेरिकेचे सैन्य उतरले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी त्याचा निषेध केला. नैऋत्य टोकाच्या ज्या धावपट्टीवरून तेव्हा एवढा वाद पेटला होता, त्या विमानतळाला २००९ पासून बिशप यांचेच नाव आहे.

आणि इथे गोवा प्रकल्पात शिरतो. महिनाभराने, नोव्हेंबर १९८३ मध्ये, दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली. इंदिरा गांधी यजमान होत्या. मधल्या विश्रांतीसाठी सगळे राष्ट्रप्रमुख गोव्यात आले आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचा ‘गोवा जाहीरनामा’ इथूनच निघाला. ग्रेनेडाचा घाव तेव्हा ताजा होता. छोट्या देशांची सुरक्षा आणि गरजा यांचा वेगळा अभ्यास करायचे त्या परिषदेत ठरले. आज राष्ट्रकुलात ‘छोटा देश’ म्हणजे साधारण १५ लाखांपर्यंत लोकसंख्येचा. २०११ चा गोव्याचा आकडा त्या रेषेच्या जेमतेम खाली बसतो. हे वाक्य पाठ करून नव्हे, पहिल्या पानावरच्या आकड्याकडे बोट दाखवून म्हणा.

झेंडा शेवटी

झेंडा पहिल्या दिवशी काढतात म्हणून चुकतो. सगळे झाल्यावर काढा, म्हणजे त्यातले काय कशासाठी ते माहीत असते. प्रमाण ३ : ५, वहीत १५ × २५ सेंटिमीटर घ्या. चारी बाजूंनी लाल पट्टी, तिच्यावर वर तीन, खाली तीन पिवळ्या चांदण्या: सहा पॅरिश. आतल्या चौकटीला दोन कर्ण. वरचा-खालचा त्रिकोण पिवळा, डावा-उजवा हिरवा. मध्यभागी लाल वर्तुळात सातवी चांदणी. जायफळ एकच, डाव्या हिरव्या त्रिकोणात, म्हणजे काठीच्या बाजूला. शोभेसाठी उजवीकडे दुसरे काढू नका. आणि ते बंद फळ नाही: तडकलेले काढायचे, आतला लाल रंग दिसला पाहिजे.